हॅवरस्टिकची बिनआवाजाची गाडी

३ मार्च १९०९

आज शेवटचा ऑर्गन गवतात गुंडाळून आयोवाला रवाना केला आणि कारखान्याच्या दाराला माझ्या हाताने कुलूप लावलं. बावीस वर्षं मिलार्ड्सबर्गहून घरोघरच्या दिवाणखान्यांत आमचे ऑर्गन जात होते. आता लोकांना पायांनी भाता मारून गाणं काढायचा आळस आला आहे. ग्रामोफोनची किल्ली फिरवायची आणि खुर्चीत रेलून शेंगा खायच्या. माझी तक्रार नाही. मीही तेच केलं असतं.

नऊ वर्षांचा असताना मी ऑर्गनमधल्या वाजणाऱ्या पट्ट्या, म्हणजे पितळी सूर, घासायच्या बाकावर बसलो. शाळा तीन हिवाळे, तीही बर्फ फार नसेल तर. जे मिळवलं ते कानांच्या जोरावर. चर्चमध्ये डोळे मिटून बसलो तरी कोणाच्या खिशातलं घड्याळ मागे पडतंय ते मला कळतं. ते मी सांगतोही, म्हणून माझ्या शेजारी सहसा कोणी बसत नाही.

जेवताना अल्मीराला सांगितलं, आता मोटारगाड्या करणार.

"बावन्नाव्या वर्षी लोक नातवंडं खेळवतात," ती म्हणाली.

"आपल्याला नाहीत."

"म्हणून मोटार?"

"मोटार बंद तरी करता येते."

तिने माझ्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. आमच्या घरात याला होकार म्हणतात.

२१ एप्रिल

क्लीव्हलँडहून इंजिनियर आणला. कॉनराड नायसेल. जर्मन, उंच, आणि चेहरा असा की आत्ताच कोणाला तरी पोचवून आला आहे. त्याला मी एकच गोष्ट सांगितली. आपल्या मेन स्ट्रीटवरून जी जी मोटार जाते ती पत्र्याच्या छपरावरून भांडी गडगडत आल्यासारखी जाते. आपली गाडी जाईल तेव्हा काही ऐकू येता कामा नये. श्रीमंत माणूस गोंगाट विकत घेत नाही, गोंगाटापासून सुटका विकत घेतो.

"काहीच म्हणजे किती?" नायसेलने विचारलं.

"काहीच म्हणजे काहीच."

त्याने वहीत शून्य काढलं आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत बसला.

भांडवलासाठी मिसेस डेलॅपकडे गेलो. पिठाच्या गिरणीवाल्या डेलॅपची विधवा, गावातली सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात स्पष्ट बोलणारी बाई.

"मला अशी गाडी कर, सायलस," ती म्हणाली, "की मी येतेय हे कोणाला कळू नये, आणि आले की सगळ्यांनी बघावं."

मी म्हटलं, हेच तर आमचं जाहिरातीचं वाक्य. तिने निम्मं भांडवल दिलं.

८ नोव्हेंबर

पहिली हॅवरस्टिक तयार. बाहेरून काळी, आतून करड्या कातड्याची, दारांना चांदीच्या मुठी. दिसायला अशी की उभी असतानाच माणसाने टोपी काढावी.

ऑर्गनचे सूर लावायची आमची जुनी खोली मी मोडली नव्हती. भिंतींना लोकरीचा जाड नमदा, दुहेरी दारं, खिडकी एकच आणि तीही कायमची बंद. आता प्रत्येक गाडी तिथे येणार. धूर बाहेर काढायला नळी, इंजिन चालू, आणि शेजारी स्टुलावर मी, डोळे मिटून, दहा मिनिटं. काही ऐकू आलं तर त्या जागेवर निळ्या खडूची खूण करून गाडी परत. नाही आलं तर आत एक पितळी चौकट बसवायची आणि तिच्यात माझ्या सहीचं कार्ड: "ही गाडी मी स्वतः ऐकली. काही ऐकू आलं नाही. एस. हॅवरस्टिक."

दुसरा कोणी कारखानदार असं कार्ड देत नाही. कारण त्याला ऐकू येतं.

पहिल्या गाडीवर आज अकरा खुणा झाल्या.

१७ फेब्रुवारी १९१०

एकतीस गाड्या ऐकल्या, सात पास केल्या. विक्रीचा माणूस पर्ली विनगेट माझ्या टेबलावर येऊन बसला. खुर्चीवर तो कधी बसत नाही.

"मालक, गिऱ्हाइकाला गाडी हवी आहे. तुम्ही तिची उलटतपासणी घेताय."

"चोविसावीत मागच्या बाजूला काहीतरी टिकटिकत होतं."

नायसेल दारात उभा होता. तो म्हणाला, "साहेब, ते तुमचं घड्याळ होतं."

मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, पुन्हा खोलीत जाऊन ऐकली. टिकटिक नव्हती. पण घड्याळामुळे लपलेली एक घरघर सापडली. गाडी परत गेली. नायसेलने आतून काहीतरी जर्मनमध्ये म्हटलं. दोन दारांपलीकडून मला त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला, आणि अर्थ कळायला जर्मन यावं लागत नव्हतं.

२ जून

शिकागोच्या प्रदर्शनातून परत आलो. विनगेटने बॉनेटवर एक चांदीचा डॉलर, ते गोल नाणं, कडेवर उभं केलं आणि इंजिन चालू केलं. नाणं उभं ते उभंच. लोकांची रांग लागली. डबाबंद मांसाच्या कारखान्याचा एक मालक तासभर गाडीसमोर उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "फार छान आहे, पण चालू कधी करणार?" विनगेट म्हणाला, "बंद करायला विसरलोय, साहेब." त्याने दोन घेतल्या.

वर्तमानपत्रांत आमचं नाव आलं. मागणी इतकी आली की देणार कुठून हा प्रश्न. महिन्याला सहा गाड्या पास होतात. बँकेने वर्षअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. मी पाव मिनिटही कमी ऐकणार नाही. माझं नाव आहे त्या कार्डावर. ऑर्गन बेसूर निघाला तर लोक वाजवणाऱ्याला दोष देतात. गाडीला तशी सोय नाही.

१९ जानेवारी १९११

नायसेल शेवटी शिकला. या महिन्यात बारा ऐकल्या आणि अकरा पास. अकरा! मी त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. तो छताकडे बघत होता. भावनाप्रधान लोक, हे जर्मन.

पाद्री होबार्ट म्हातारे झाले. आवाज पार बसला आहे. मागच्या रविवारी प्रवचनातलं फक्त "आमेन" पोचलं. एकूणच माणसं हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. मिशा जाड ठेवायची ही फॅशन आली आहे, तिचा परिणाम.

३० ऑगस्ट

नवी शेड उभी राहिली. आठवड्याला सात-आठ गाड्या बाहेर पडतात. सगळ्या पास. निळ्या खडूची पेटी उघडलेलीच नाही. मिसेस डेलॅपला पहिला लाभांश मिळाला तेव्हा तिने गिरणीत काम करणाऱ्या सगळ्यांसमोर माझ्या गालाचा मुका घेतला. कामगार मला बघितलं की टोपी काढतात, काहीजण तर मी पुढे गेल्यावरही हसत राहतात. सुखी कारखाना म्हणजे हा.

या उन्हाळ्यात एक नवल झालं. रातकिडे आलेच नाहीत. अल्मीराला म्हटलं, पाऊस कमी झाला म्हणून असेल. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग मान हलवली. तीही फार निवळली आहे. पूर्वी जिन्याखालून तीन-तीन हाका मारायची. आता एकही मारत नाही, सरळ वर येऊन खांद्याला हात लावते.

११ ऑक्टोबर

खोलीत गाडी ऐकताना डोळे जरा लवकर उघडले. नायसेलच्या दोन्ही कानांत कापूस. विचारलं तर गालावर हात ठेवून दाखवलं. दाढ.

चालक म्हणून जो फोरमन हँडल मारतो त्याच्याही कानांत होता. कारखान्यात दाढदुखीची साथ आहे. उद्या सगळ्यांसाठी लवंगेचं तेल मागवतो.

५ डिसेंबर

फिलाडेल्फियाच्या कोणा डॉक्टर ॲशमीडचं पत्र. लिहितात, तुमची गाडी दारात आली की तीन घरं पलीकडचे घोडे लगाम तोडतात. मी नम्रपणे उलट टपाली कळवलं की गाडी मी स्वतः ऐकली आहे, आपण कृपया आपले कान तपासून घ्यावेत.

१४ डिसेंबर

उत्तर आलं. ते स्वतः कानांचेच डॉक्टर आहेत म्हणतात. हल्ली कोणीही डॉक्टर होतं.

२२ मार्च १९१२

अशी पत्रं आता पंचवीस झाली. बफेलो, सेंट लुइस, बाल्टिमोर. एकाने लिहिलंय की गाडी विकत घेतल्यापासून बायको माहेरी आहे. मला यात कट दिसतो. धंद्यात वर गेलेल्या माणसाला खाली ओढायला लोक टपाल तिकिटांचा खर्चही करतात.

विनगेट एक सूचना कागदावर लिहून घेऊन आला. जाहिरातीतला "निःशब्द" हा शब्द काढू आणि "दमदार" घालू.

"का?" मी विचारलं.

तो बराच वेळ बोलला. मिशा. मला कळलं ते एवढंच की तो घाबरला आहे. मी त्याला हाकलून दिलं.

२८ मे

मोठी बातमी. न्यूयॉर्कचे मिस्टर ब्लीकर स्वतः येणार. पूर्वेकडच्या श्रीमंतांना गाड्या विकणारं सगळ्यात मोठं दुकान त्यांचं. चारशे गाड्यांची मागणी, तीही दरवर्षी. ही मागणी मिळाली तर हॅवरस्टिक पन्नास वर्षं टिकेल. नाही मिळाली तर मात्र कठीण आहे, कारण पत्रं वाढल्यापासून मागणी घटली आहे आणि शेडमध्ये नव्वद गाड्या उभ्या आहेत.

मला एक युक्ती सुचली. ९ तारखेला रविवारी नव्या चर्चचं पहिलं प्रवचन. प्रवचनाच्या चौथऱ्यामागे सामानाची खोली आहे, मधे फक्त पडदा. तिथे हॅवरस्टिक उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, आणि पूर्ण प्रवचन होऊ द्यायचं. शेवटी पडदा बाजूला. ब्लीकर पहिल्या बाकावर.

नायसेलला सांगितलं तर तो खालीच बसला. आनंदाने, असं मला वाटलं.

पाद्री होबार्ट तयार नव्हते. पण नव्या चर्चच्या खिडक्या मी दिल्या आहेत.

९ जून, रविवार

अभूतपूर्व यश.

पाद्री होबार्टनी आजवर असं प्रवचन दिलेलं नाही. हात उंचावून, चौथऱ्यावर मुठी आपटून, चेहरा लालबुंद, गळ्याच्या शिरा ताठ. मंडळी तर भारावूनच गेली. कित्येकांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. पहिल्या बाकावरच्या तिघी बायका उठून मागे गेल्या, बहुधा डोळे पुसायला. लहान मुलं रडत होती, पण आवाज न करता, शिस्तीत. बाप्तिस्म्याच्या पाण्यावर लाटा उठत होत्या. इमारतीचा पाया एकदा तपासून घ्यायला हवा.

पडदा सरकवला तेव्हा गाडीकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

जेवायला ब्लीकर आमच्याकडे होते. खूप हसले, माझा हात जोरजोरात हलवला. ते बोलले त्यातलं निम्मं त्यांच्या मिशांत अडकलं, पण अर्थ कळला. चारशे गाड्या, मंगळवारी सह्या. अट एकच, प्रत्येक गाडीत माझं कार्ड हवं.

अल्मीराने मटणाच्या ताटाला हात लावला नाही.

१० जून

हे लिहायला सोपं नाही, म्हणून सरळ लिहितो.

सकाळी कोणी यायच्या आधी खोलीत गेलो. ब्लीकरची पहिली गाडी मला एकट्याला ऐकायची होती. हँडल मारलं, दारं लावली, स्टुलावर बसून डोळे मिटले. दहा मिनिटं. शांत, जशी हवी तशी. उठताना तोल सावरायला बॉनेटवर तळवा टेकला.

तळव्याला जे कळलं ते त्रेचाळीस वर्षांच्या ओळखीचं होतं. पितळी सूर घासताना बोटाखाली तो थरथरतो. किती थरथरला की किती मोठा वाजतो, हे माझ्या बोटांना झोपेतही कळतं. माझ्या हाताखाली जे थरथरत होतं ते वाजत असेल तर शेजारच्या तालुक्यात ऐकू जात असेल.

इंजिन बंद केलं. पुन्हा बसलो. मघासारखंच शांत.

जुन्या खणातून सूर जुळवायचा पोलादी चिमटा काढला, गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. काही नाही. दुसऱ्या कानाशी. काही नाही. मग ऑर्गनच्या बाकावर म्हातारे कारागीर करायचे तसा त्याचा दांडा दातांत धरला. सूर आला. स्वच्छ, दातांतून, कवटीतून. चिमट्याला काही झालेलं नव्हतं.

घरी गेलो. अल्मीरा स्वयंपाकघरात पाठमोरी, पीठ मळत होती. गेलं दीड वर्ष मी बघतो, मळताना तिचे ओठ हलतात. मी समजत होतो, मापं मोजते. मी मागून जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ भरून येत होती आणि रिकामी होत होती, लांब-लांब. ती गात होती.

लग्न झालं त्या महिन्यात मी तिला सांगितलं होतं की तुझा सूर पाव पट्टी खाली लागतो, मला सहन होत नाही. त्यानंतर ती घरात कधी गायली नाही. एकतीस वर्षं.

ती दचकून वळली. मी विचारलं, "कधीपासून?"

तिने भिंतीवरची वाणसामानाची पाटी काढली आणि साखर, लोणी पुसून त्यावर लिहिलं: "तू म्हणालास रातकिडे आले नाहीत, तेव्हा खात्री पटली."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. "रोज म्हणायचे, उद्या सांगते. रोज एक गाणं राहिलेलं असायचं."

मी रागावलो नाही. इतकी गाणी मीच साठवून ठेवायला लावली होती. म्हटलं, चालू दे. तिने चालू केलं. मी पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. हाताला ते सुरात वाटलं.

११ जून

पाटी बगलेत मारून कारखान्यात गेलो. सगळ्यांना ऑफिसात बोलावलं: नायसेल, विनगेट, मिसेस डेलॅप, ब्लीकर आणि त्यांचा वकील. सांगितलं, मी बहिरा आहे. कोणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं नाही, तेव्हा कळलं की ही बातमी फक्त मला नवी होती.

पाटी नायसेलपुढे सरकवली. "कोणत्या गाडीपासून?"

त्याने आकडा लिहिला. ९४.

"आणि आज कितवी?"

६१७.

"गप्प का बसलास?"

त्याने बारीक अक्षरांत पाटीची पूर्ण बाजू भरली. "पहिल्या त्र्याण्णव गाड्यांत तुम्ही मला चारशे सहा वेळा परत पाठवलंत. साहेब, मी झोपू लागलो होतो. माझं वजन वाढलं होतं. सुरुवातीला वाटलं, चार दिवस मजा करू आणि सांगू. मग शेड बांधली. मग दीडशे माणसं लागली. मग सांगायचं कसं?"

विनगेटने खाली जोडलं: "मी 'दमदार' सुचवलं होतं."

मिसेस डेलॅपने पाटी ओढून घेतली. "माझ्या गाडीमागे गावातली सगळी कुत्री धावतात. मला वाटलं तुला माहीत आहे, आणि धंद्याची काही युक्ती असेल. लाभांश येत होता, मी कशाला बोलू?"

बाई नेहमीच स्पष्ट बोलते.

ब्लीकर एवढा वेळ हसत होते. त्यांनी मात्र स्वतःचा कागद आणि सोन्याचं पेन वापरलं. लिहिलं: "मला रविवारीच कळलं. खरं तर स्टेशनवरून येतानाच कळलं. माझ्या डाव्या कानात अजून शिट्टी वाजते. पण न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तोफ चालली तरी कोणी मान वळवत नाही. माझ्या गिऱ्हाइकाला चांदीच्या मुठी हव्यात, आणि पाहुण्यांना दाखवायला ते कार्ड. तुम्ही सह्या करा, मी चारशे घेतो."

मी म्हटलं, कार्डावर लिहिलंय की मी ऐकली.

वकिलाने पुढे वाकून लिहिलं: "वाक्य कायद्याने निर्दोष आहे. तुम्ही ऐकायला बसलात. तुम्हाला काही ऐकू आलं नाही. पूर्वीपेक्षा आज ते अधिक खरं आहे."

हे वाचून मला हसू आलं. मनापासून आलं. माझ्याबरोबर सगळे हसले, आणि तेवढ्यात ब्लीकरनी करारावर सही करून कागद माझ्याकडे ढकलला. खिडकीतून आवारात उभी असलेली माणसं दिसत होती. त्यांना माहीत होतं आत काय चाललंय. दीडशे घरं होती तिथे.

मी विचारलं, नायसेलने ऐकून सही केली तर? तो ऐकतो. त्याला पूर्वीसारखी गाडी करता येते, महिन्याला सहा.

ब्लीकरनी नकारार्थी मान हलवली आणि लिहिलं: जर्मन नाव नको, आणि सहा गाड्यांत त्यांचं दुकान चालत नाही.

एक दिवस मागून घेतला.

१२ जून

नाही म्हणून कळवलं.

कारण लिहून ठेवावं म्हणतो, पण मोठं असं काही सापडत नाही. आयुष्यात मी एकच गोष्ट विकली: माझ्या कानाला जे कळतं ते. ऑर्गन काय, गाडी काय, ती नुसती पेटी होती. ती गोष्ट संपली तर दुकानात माल संपला असं सांगायचं. माल संपल्यावरही पुड्या बांधत बसणारा वाणी मला कधी आवडला नाही.

अल्मीराला सांगितलं. तिने पाटीवर लिहिलं, "मटण गरम करते." रविवारचंच होतं.

२० जून

९४ ते ६१७, प्रत्येक मालकाला पत्र: गाडी पाठवा, नायसेल ती गप्प करून देईल, खर्च आमचा. नायसेलने हिशेब करून दाखवला की यात कंपनी ऑक्टोबरपर्यंत बुडेल. मग म्हणाला, म्हणजे लिहिलं, की हे त्याला मनापासून करायचं आहे. तो आता रोज खोलीत माझ्या स्टुलावर डोळे मिटून बसतो. वजन पुन्हा कमी व्हायला लागलं आहे.

डॉक्टर ॲशमीडना माफीचं पत्र लिहिलं.

३ जुलै

डॉक्टरांचं उत्तर. "तुमच्या लक्षणांवरून कानाच्या आतलं बारीक हाड आखडलं आहे. अशा माणसाला स्वतःचा आवाज नीट ऐकू येतो, त्यामुळे दोष तो नेहमी बाकीच्या जगाला देतो. इलाज नाही. माझ्या गाडीला मात्र आहे असं आपण कळवलंत, त्याबद्दल आभारी." विनोदी माणूस आहे. आधी ओळख असती तर बरं झालं असतं.

१६ सप्टेंबर

आश्चर्य म्हणजे बऱ्याच मालकांनी गाड्या पाठवल्याच नाहीत. मांसाच्या डब्यांवाल्याने लिहिलं की त्याच्या दोन जुन्या गाड्या इतक्या शांत आहेत की पाहुण्यांना त्याची गाडी असल्याचं कळतच नाही, तरी एखादी ९४ नंतरची शिल्लक असेल तर कळवावं. हा जर १९०९ मध्ये भेटला असता तर माझे बरेच डॉलर वाचले असते.

विनगेट टोलिडोला दुसऱ्या कंपनीत गेला. निरोप घेताना टेबलावर बसून त्याने पाटीवर लिहिलं, "तिथल्या गाड्या ट्रकसारख्या वाजतात. ते आधीच सांगतात. किती सोपं काम आहे, मालक."

४ नोव्हेंबर

संपलं. ऑक्टोबर गाठला, वर चार दिवस जास्त निघाले. सामान लिलावात गेलं. इमारत ओहायोच्या एका कंपनीने घेतली, वाफेचे बॉयलर करणारी. आमच्या दीडशेतल्या नव्वद माणसांना ते ठेवणार आहेत. नायसेल परत क्लीव्हलँडला चालला. स्टेशनवर त्याने मला मिठी मारली आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी जर्मनमध्ये म्हटलं. मला कळलं नाही. पण त्याला तेच हवं असावं.

मिसेस डेलॅप म्हणाली, म्हणजे पाटीवर, की तिचे पैसे गेले त्याबद्दल ती मला माफ करते, पण पुन्हा कधी काही सुचलं तर आधी दुसऱ्या कोणाकडे जा.

६ जानेवारी १९१३

छप्पन्नाव्या वर्षी पुन्हा डबा घेऊन दुसऱ्याच्या कामावर गेलो. बॉयलर कंपनीच्या फोरमनला, ओडोनोव्हन नावाच्या आयरिश राक्षसाला, माणूस हवा होता. अल्मीराने अर्ज लिहिला, मला दाखवला नाही.

जिथे आमची नवी शेड होती तिथे आता लोखंडी पत्रे जोडणारी रिबिटं ठोकतात. लोखंडाच्या मोठ्या पिंपांच्या आत माणूस बसलेला, बाहेरून दुसरा हातोडा मारतो, असे साठजण. कान असलेला माणूस तिथे महिना टिकत नाही. जे वीस वर्षं टिकले ते सगळे माझ्यासारखे. त्यामुळे तिथे कोणी बोलत नाही. सगळं हातांनी. बोटं, कोपर, भुवया, खांदे. ओडोनोव्हनने स्वतःच्या कानाला बोट लावून भुवई उचलली. मी मान हलवली. त्याने माझ्या पाठीत एवढी जोरात थाप मारली की मी समजलो, नोकरी मिळाली.

काम असं: रिबिटाच्या एका कडेला हातोडीने हलकेच टोला द्यायचा आणि दुसऱ्या कडेला बोट धरायचं. पक्कं बसलं असेल तर एक कळतं, सैल असेल तर दुसरं. दुपारपर्यंत मला साठांपैकी कोण कोणाच्या बहिणीशी बोलतो, कोणाची बायको कोणाला नावं ठेवते, आणि मला मागच्या बाकावरचे "मोटारवाला म्हातारा" म्हणतात, हे सगळं कळलं होतं. वर्षात प्रथमच गावातली बातमी मला वेळेवर मिळाली.

तीन वाजता एका पिंपात एक रिबिट बोटाला पटलं नाही. ठोकणारा लाल केसांचा पहिलवान होता, त्याला मी इशारा केला: काढ, पुन्हा मार. त्याने मान हलवली: पक्कं आहे. मी पुन्हा बोट ठेवलं आणि पुन्हा सांगितलं: काढ. ओडोनोव्हन आला, त्याने स्वतः बोट धरून बघितलं आणि त्या पहिलवानाला छिन्नी दिली.

मग तो माणूस माझ्यासमोर उभा राहिला आणि दोन्ही हातांनी, कोपरांपर्यंत, सावकाश, एकही खूण न गाळता, त्याने मला शिवी दिली. माझ्या आईपासून सुरू करून माझ्या बोटापर्यंत आला. मला सगळं समजलं. दोन वर्षांत कोणी माझ्याशी इतकं स्पष्ट बोललं नव्हतं. मी त्याचा हात हातात घेतला आणि आभार मानले, तेव्हा तो जरा घाबरला.

उद्या सात वाजता.